तात्याबा मास्तर आणि तारेतला एक शब्द
तात्याबा मास्तरांचं इंग्रजी तिसऱ्या बुकापुरतं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी! लढाईच्या त्या वर्षांत गावात आलेली प्रत्येक तार त्यांच्याच ओट्यावर यायची. तार दिसली की मास्तर मनातून धास्तावायचे, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ते उगीच चष्मा पुसत बसायचे.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात अंजना तार घेऊन आली. तिचा नवरा मानसिंग पलटणीत. जखमी होऊन पुण्याच्या इस्पितळात पडला होता, आठवड्याभरात घरी यायचा होता.

"मास्तर, कवा येत्यात?"

तारेत चारच शब्द. मानसिंग, रिमेन्स, पूना, हॉस्पिटल. मास्तर 'रिमेन्स'वर अडले. दोन वर्षांमागे बिराप्पाचा थोरला आफ्रिकेत कामी आला, तेव्हाच्या सरकारी पत्रात हाच शब्द होता. वडूजच्या वकिलानं सांगितलं होतं, रिमेन्स म्हणजे मढं, अस्थी. एकदा कुणाला विचारून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण मास्तरांना येत नाही, असं गाव म्हणेल, ही भीती मोठी ठरली.

"पोरी, मानसिंग गेला. अस्थी पुण्याला हायत."

तिनं हंबरडा फोडला. मास्तर अस्थी आणायची सोय विचारायला वडूजला चालत गेले. तिथल्या पोस्टमास्तरांनी तार वाचून कपाळावर हात मारला.

"अहो, अस्थी कसल्या? रिमेन्स म्हणजे राहतोय. इस्पितळातला मुक्काम लांबलाय त्याचा. माणूस जिवंत आहे!"

मास्तर उठले ते पळतच सुटले. वय साठीचं, एक वहाण वाटेतच गेली. आनंद कुठला, भीतीनं ऊर फुटायची पाळी आली होती. देवा, बायकांनी अजून काही केलं नसू दे, एवढंच तोंडात.

अंगणात काचा पडल्या होत्या. अंजनाचं कपाळ पांढरं, मनगटं मोकळी.

"पोरी, जित्ता हाय गं मानसिंग! माझंच चुकलं! तितंच ऱ्हायलाय, एवढंच लिवलंय!"

बायका लगबगीनं कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. अंजनानं तो हातानं बाजूला सारला.

"सकाळी बी तुमीच वाचलं हुतं, मास्तर," ती म्हणाली. "आता ह्ये तरी खरं कशावरनं? मी पुण्याला जाती. त्येंस्नी डोळ्यांनी बघीन, मगच लावीन."