पट्टी गेली नाही

कुमुदबाईंची आणि माझी पहिली भेट जुन्नरच्या आमच्या महाविद्यालयात, प्रयोगशाळेतल्या फ्रीजरसमोर झाली. मी नवा संशोधक विद्यार्थी, दार सताड उघडं टाकून नळ्या शोधत होतो. बाई म्हणाल्या, "दार लावा. आत प्रथिनं आहेत, कुल्फी नाही." विद्यार्थ्यांनाही त्या अहो-जाहोच करत.

त्या फ्रीजरमध्ये बाईंनी जिवापाड जपलेली एक अँटिबॉडी होती. टोमॅटोच्या झाडात कॅल्शियम इकडून तिकडे नेणारं एक प्रथिन असतं, त्याला पंप म्हणतात. अँटिबॉडीने नेमकं त्यालाच चिकटावं आणि काळी पट्टी उमटावी, एवढंच तिचं काम. कॅल्शियम न पोचल्याने बुडाशी सडणाऱ्या टोमॅटोचं कोडं त्यातून सुटेल अशी बाईंना आशा होती. एका वाणाची पट्टी ठळक आली, म्हणजे त्यात पंप भरपूर, फळ सडणार नाही. बाईंनी आनंदाच्या भरात दोन-चार शेतकऱ्यांना तो वाण सुचवलाही. संस्थेच्या अध्यक्षांना हे कळायचा अवकाश, पेठ गावाजवळ हमरस्त्याला फ्लेक्स लागला आणि पिंपळवंडीत मेळावा ठरला.

एक खातरजमा तेवढी माझ्याकडे होती. पंपाच्या ज्या तुकड्यावरून अँटिबॉडी तयार केली, तोच तिला आधी द्यायचा. मग तिचं पोट भरतं आणि पट्टी उमटत नाही. मी ती केलीच नव्हती, घाईत वहीत "केली" असं लिहून मोकळा झालो होतो. पण दुसऱ्याची नोंद स्वतः पडताळल्याशिवाय चारचौघांत बोलायचं नाही, हा बाईंचा नेम. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती खातरजमा करून पाहिली. पट्टी गेली नाही. अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती.

अध्यक्ष म्हणाले, "मेळावा तर होऊ द्या, मग बघू." बाईंनी मेळाव्यातच उभं राहून सांगितलं, "हा वाण माझ्या शब्दावर लावू नका. चूक माझी आहे."

मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमीच तर सांगितलं व्हतं, हाच लावा म्हून."

"सांगितलं होतं. रोपं लावलीत?"

"न्हाई अजून."

"मग लावू नका."

माझं नाव त्यांनी तिथे घेतलं नाही, पुढे संस्थेने केलेल्या चौकशीतही नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. मेळाव्यातून बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊन जेवा आधी." पुढे प्रयोगशाळा बंद झाली, बाईंना परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे बांधायला बसवलं गेलं, आणि तो फ्रीजर आज अध्यक्षांच्या दालनात पाण्याच्या बाटल्या गार करतो.

तेच अध्यक्ष बाईंच्या एकसष्टीच्या गौरवसमितीचे प्रमुख आहेत. त्यांचा मला निरोप आला, "गौरव अंकासाठी चार गोड शब्द लिहा, जुनं उकरू नका." लाज कोळून प्यायलेल्या या माणसांचा मला संताप येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. म्हणून इथे लिहितो: ती नोंद खोटी होती, आणि ती मी केली.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, डोळे-गुडघे धड राहोत. समितीने हा लेख छापला नाही, तर मी पिंपळवंडीत, तुम्ही उभ्या होतात तिथेच उभा राहून वाचेन.