षटकोनी तुकड्याची जाडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या फिटिंगच्या सरांचं नाव घेईन. नाव म्हणजे 'फिटिंगचे सर' एवढंच. शाळेत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आई-वडील रागावणार नाहीत, त्यांचंही मत तेच आहे.

सर शेजारच्या मोरिवली गावचे. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत जिथे होतं तिथे कारखाना झाला, त्या कारखान्यात सर तीस वर्षं टूलरूमला, म्हणजे हत्यारं-साचे बनवणाऱ्या खात्यात, होते, आणि कारखाना बंद पडल्यावर आमच्या शाळेत शिकवायला आले, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास मिळाला तर शिक्षक, नाही मिळाला तर गावकरी. मी बारावीत असताना एका गोष्टीबद्दल तोंड उघडलं नाही आणि त्यामुळे सरांचे तास गेले. ती गोष्ट बोलायला मला नऊ वर्षं लागली. आणि बोललो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमची शाळा उल्हासनगर आणि अंबरनाथच्या हद्दीवर आहे. पुढे तीन मजली इमारत, तिथे हुशार मुलं. मागे पत्र्याची शेड, तिथे आमचा व्यवसाय विभाग. दहावीला कमी मार्क पडले की नातेवाईक विचारायचे, "कुठे टाकला मग?" पुढच्या इमारतीत मुलं प्रवेश घेत, मागच्या शेडमध्ये टाकली जात. माझी आई घरी जीन्सचे धागे कापायची, वडील खोक्यांच्या कारखान्यात होते. मला टाकलं तेव्हा दोघांनाही बरंच वाटलं, कारण बारावी झाल्या झाल्या हाताला काम असेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पण वर्षातून एक दिवस शाळेला आम्ही आठवायचो. वार्षिक अहवालात 'यशोगाथा' नावाचं पान असे, आणि ते भरायला पुढची हुशार मुलं पुरत नसत, कारण ती फक्त अभ्यास करायची. उपक्रम करायला आम्ही. उद्योगभेट हा आमचा उपक्रम. एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यावर आम्ही रांगेनं गेलो. वॉचमननं आत सोडलं नाही. मग कारखान्याच्या पाटीखाली फोटो काढला आणि परत आलो. अहवालात छापून आलं, 'विद्यार्थ्यांनी उत्पादनप्रक्रिया जवळून पाहिली.' जवळून हे खरंच होतं, गेटपासून वास चांगला येत होता. वृक्षारोपणाचा खड्डा तर कायमचाच होता. दर जुलैत त्यात एक रोप लागे, दर मार्चला ते वाळे, आणि जूनमध्ये शिपाई मामा खड्डा उकरून म्हणत, "चला, पुन्हा एकदा पर्यावरण." इलेक्ट्रिकलची मुलं शिक्षकांचे मिक्सर दुरुस्त करत, त्याला 'समाजोपयोगी सेवा' म्हणत. बक्षिसांचे कप उल्हासनगरच्या एका दुकानातून येत. मी एकदा सरांबरोबर ते आणायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "साईं, कप पिछले सालवाले वापस ले आओ ना. कप को क्या हुआ है? सिर्फ नीचे का पट्टी बदल देंगे."

आमच्या मुख्याध्यापकांना प्राचार्य म्हटलेलं आवडे. त्यांना हा दुकानदार भेटला नसता तरी चाललं असतं, कारण हीच युक्ती ते आधीपासून वापरत होते.

त्यांच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं. त्यात मखमलीवर एक फिटिंगचा जॉब ठेवलेला असे. लोखंडी पट्टीत कोरलेली षटकोनी खाच आणि तिच्यात बसणारा षटकोनी तुकडा. सांगायला सोपं आहे. पण तो तुकडा फिरवून सहाही बाजूंनी तसाच बसला पाहिजे आणि उजेडासमोर धरला तर फटीतून काही दिसता कामा नये. सगळं काम कानशीनं, हातानं. आम्ही केलेल्या तुकड्यांमधून पलीकडचं मैदान दिसायचं. कपाटातला तुकडा मात्र असा बसे की ढकलताना हवा निघाल्याचा आवाज येई.

दरवर्षी बदलापूरला व्यवसाय विभागांचं प्रदर्शन भरे, आणि दरवर्षी आमच्या शाळेतर्फे तोच तुकडा जाई. आमच्याकडे पद्धत अशी की जॉबवर विद्यार्थ्याचा नंबर पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं, ठोकायचा. म्हणून त्या वर्षी ज्याला पाठवायचं तो आधीच्याचा नंबर कानशीनं घासून काढी आणि स्वतःचा ठोकी. सगळ्यांत पहिल्यांदा तो जॉब खरोखर कुणी केला होता, ते सरांना माहीत होतं. बदलापूर गावातला एक मुलगा होता, आता रिक्षा चालवतो. "हात होता त्याच्या हातात," सर एकदा म्हणाले होते. त्यांनी पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांकडे हरकतही घेतली होती. मुख्याध्यापक म्हणाले होते, "सर, पुढच्या वर्षीचे तास ठरवायचेत अजून." त्यानंतर सर काही बोलले नाहीत.

आमच्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला निवडलं. माझा हात चांगला होता म्हणून नव्हे, माझं अक्षर चांगलं होतं आणि मला भाषण येत होतं म्हणून. प्रदर्शनात पहिला येणाऱ्याला अंबरनाथचा एक कारखाना शिकाऊ उमेदवार म्हणून घेई. घरी सगळ्यांचा जीव त्या एका जागेत अडकला होता.

"हे बघ," मुख्याध्यापक कपाट उघडत म्हणाले, "हा तुझा जॉब."

"सर, हा माझा नाहीये."

"नंबर टाकलास की तुझाच. शाळेचं नाव म्हणजे तुझं नाव नाही का?"

या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही. सर त्या आठवड्यात पुतणीच्या हळदीच्या गडबडीत रजेवर होते. मी शेडमध्ये गेलो, दोन्ही तुकड्यांवरचा आधीचा नंबर घासला आणि माझा ठोकला. माझ्या आधी सहाजणांनी हेच केलं होतं. प्रत्येक वेळी थोडं लोखंड जात होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फिटिंगच्या शाळेत सात वर्षं कुणी मोजलं नाही!

बदलापूरच्या हॉलमध्ये परीक्षक म्हणून सरांना जुने ओळखणारे एक निवृत्त टूलरूमवाले गृहस्थ होते. त्यांच्यासोबत त्या कारखान्याचे सुपरवायझर. परीक्षकांनी तुकडा सहाही बाजूंनी फिरवून बसवला, उजेडाकडे धरला आणि "वा" म्हणाले. मुख्याध्यापकांनी लगेच फोटोग्राफरला बोलावलं. तोवर परीक्षकांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि समोर टाचणीनं लावलेलं ड्रॉइंग वाचलं.

"कागदावर जाडी दहा मिलिमीटर. हातात साडेआठ. दीड मिलिमीटर कुठे गेलं?"

त्यांनी तुकडा माझ्यासमोर धरला.

"तूच केलास ना हा?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग वरनं घासलास कशाला एवढा?"

सुपरवायझरांनी चष्मा वर केला. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, ते फोटोग्राफरशी बोलायला लागले होते. तेवढ्यात मागून सर आले. त्याच सकाळी ते रजेवरून हजर झाले होते, अंगठ्याच्या नखाला अजून हळद होती. त्यांनी तुकडा हातात घेतला, नंबर पाहिला आणि परीक्षकांना म्हणाले, "जाडीची चूक माझी हाय, साहेब. भंगारातली पातळ पट्टी मीच कापून दिली. पोरानं दिलेल्या मालावर काम केलंय."

"तीस वर्षं टूलरूमला आणि पट्टी मोजली नाही?"

"नाय मोजली."

हे सर म्हणाले. ज्यांनी आम्हाला डब्यातली पोळीही मोजून खायला लावली असती, ते चारचौघांत म्हणाले की मी पट्टी मोजली नाही. आणि त्यांच्या शेजारी मी उभा होतो, भाषण येणारा.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. फ्लेक्सवर 'जिल्ह्यात घवघवीत यश' असं छापून क्रमांक लिहायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी सरांना तास दिले नाहीत. कारण लेखी होतं, 'साहित्य पुरवताना निष्काळजीपणा.' आणि मुख्याध्यापकांनी धडा मात्र घेतला. पुढच्या प्रदर्शनाला त्यांनी ड्रॉइंगच बदललं. जाडी, साडेआठ मिलिमीटर.

दुसरा आल्यानं मला कारखान्यात थेट जागा मिळाली नाही, पण सुपरवायझर म्हणाले, महिन्यानं चाचणी देऊन बघ. मी सरांकडे गेलो. त्यांच्या पडवीत एका जाड फळीला लोखंड पकडायची व्हाइस बसवलेली होती. महिनाभर रोज संध्याकाळी मी तिथे कानस चालवली.

"क रं, कानस मारतंस क भाकरी थापतंस? खांदा हलव जरा," सर ओरडायचे. तुकडा उजेडाकडे धरून म्हणायचे, "दिसतंय. अजून दिसतंय. मोरिवली स्टेशनपर्यंत दिसतंय."

"मोरिवलीला स्टेशन नाही सर."

"मंग बघ, किती लांबचा दिसतंय."

काकू मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायच्या आणि सरांकडे बघून बोलायच्या, "सगला जनम लोखंडात गेला नि एक पट्टी मापता नाय आली. डोलं गेलं यांचं. बसलं आता घरा." सर मान खाली घालून व्हाइसला तेल देत. मी भाकरी खात असे. एकदाही बोललो नाही.

चाचणीत मी पास झालो. शिकाऊ उमेदवार झालो, मग कायम झालो, आणि रविवारी दूरशिक्षणाचे वर्ग करून मराठी घेऊन बी.ए. झालो. आमच्या घरात पदवी मिळालेला पहिला मीच. वडिलांनी प्रमाणपत्र कपड्यात गुंडाळून ठेवलंय, कुणी आलं की सोडतात.

ही बातमी शाळेला कळली. गेल्या महिन्यात फोन आला, 'व्यवसाय विभागाचा पहिला पदवीधर' म्हणून गुणगौरव आहे. मी हो म्हटलं, कारण मला वाटलं, सरही असतील आणि सगळ्यांसमोर एकदाचं बोलून टाकता येईल. गेटवर फ्लेक्स होता. मध्ये शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो पंगतीतल्या परातीएवढा, कोपऱ्यात माझा, लिंबाच्या फोडीएवढा. खाली लिहिलं होतं, 'अभियंता'. मी म्हटलं, "मी बी.ए. आहे." क्लार्क म्हणाला, "अहो, व्होकेशनलला बी.ए. शोभत नाही."

सर कुठे दिसले नाहीत. विचारलं, तर म्हणाले, ते आता आपल्याकडे नसतात.

स्टेजवर टेबलावर तो तुकडा मांडला होता. मी माईक घेतला आणि सरळ सांगितलं. हा तुकडा मी केलेला नाही. मी त्यावर फक्त नंबर ठोकला. जाडी सात वर्षांच्या घासण्यानं कमी झाली. फिटिंगच्या सरांनी माझ्यासाठी चूक स्वतःवर घेतली आणि तुम्ही त्यांचे तास काढून घेतलेत. मी त्या दिवशी गप्प बसलो.

मग अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. सूत्रसंचालिका बाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, मोठं झाल्यावरही किती हा नम्रपणा! आपलं सगळं श्रेय गुरूंच्या चरणी!" मुख्याध्यापकांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "मस्त बोललास. यशोगाथेत घेतो." दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या एका न्यूज ग्रुपवर फोटोसह आलं, 'शिष्याने गुरूला वाहिले यश.'

त्या शाळेत खरं बोलणं हाही उपक्रम होतो, हे मला आधी कळायला हवं होतं. मी एक अर्ज लिहिला, शाळेत जाऊन दिला आणि त्याच संध्याकाळी सरांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. परवाच्या कार्यक्रमाला तुम्हाला बोलावलं नव्हतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. नाहीतर मी गेलोच नसतो. तिथे मी काय बोललो ते तुमच्या कानावर आलं असेल, पण जसं बोललो तसं आलं नसणार. म्हणून आज लेखी दिलं. अर्जाची प्रत सोबत आहे. क्लार्क विचारत होता, हे तक्रारीच्या फाइलला लावू की अभिनंदनाच्या. मी म्हटलं, आधी शिक्का मार. दीड तास उभा राहिलो तेव्हा मारला. अर्जात चौथ्या ओळीत लिहिलंय की पट्टी पूर्ण मापाची होती आणि तुमची काही चूक नव्हती. एक प्रत परीक्षकांनाही पाठवली आहे.

त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी. मी गप्प राहिलो तेही माझ्याचसाठी. याची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. मी माफी मागायला महिनाभर रोज तुमच्या पडवीत येत होतो आणि दर वेळी जेवून जात होतो.

तास परत मिळतील असं मला वाटत नाही. तुम्हाला ते आता नकोही असतील. माझी एकच विनंती आहे. तुम्ही घरातसुद्धा चूक तुमचीच सांगितलीत. तेव्हा हा अर्ज काकूंना वाचून दाखवा. तुम्ही दाखवणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तिसरी प्रत त्यांच्या नावानं वेगळ्या पाकिटात टाकली आहे. चष्मा नसेल तर सूनबाईंकडून वाचून घ्या म्हणावं. त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

आपला विद्यार्थी