कारवीमागचे दोन बाबा
परवा ट्रायपॉडची पिशवी उघडली आणि कारवीचा उग्र, चिकट वास आल्यासारखं वाटलं. मुलुंडमागच्या टेकडीवर त्या वर्षी कारवी फुलली होती, सगळा उतार जांभळा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तरी हट्टानं माझ्याबरोबर वर आले. मला समोरचं फूल आणि लांबचे टॉवर दोन्ही स्पष्ट हवे होते, आणि एका फोटोत ते जमत नाही. म्हणून कॅमेरा जागचा न हलवता, फोकस फुलापासून थोडा थोडा मागे सरकवत मी बरेच फोटो काढले; घरी कंप्युटरवर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन, जोडून त्यांचा एक करायचा होता. वारा आला की फूल डुलायचं आणि मी थांबायचे. "बाबा, दगडावरनं उठू नका हां." "बसलोय गं, तू तुझं कर." घरी फोटो जोडला आणि मी चक्रावलेच. फुलामागे दगडावर बाबा बसले होते, आणि पार कड्याच्या टोकाशीही बाबाच, कमरेवर हात ठेवून उभे! "तिकडे कधी गेलात?" "तू वाऱ्यासाठी थांबलीस ना, म्हटलं बघून येऊ." "थांबा, एक पुसून टाकते." ते स्क्रीनजवळ वाकले. "कुठला पुसणार? दोन्हीकडे मीच होतो ना?" मी फोटो तसाच ठेवला. ऑपरेशननंतर बाबा सपाट रस्त्यावर बरे चालायचे, पण टेकडी पुन्हा चढले नाहीत. आज घरी येणारे भिंतीवरचा तो फोटो बघून विचारतात, यांना जुळा भाऊ होता का? मला मात्र अजून वाटतं, तसल्या गुडघ्यानं ते तिथवर पोचले कसे असतील.