उसाचा बिबट्या

आमच्या शेळीनं बिबट्या खाल्ला. वाक्याचा क्रम बरोबर आहे, मी दोनदा तपासलाय.

बिबट्या मी केलेला होता. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात कलावंत असते. माझे वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर वाघ-सिंह रंगवायचे. मिशा ओढताना श्वास रोखून धरायचे. हात मला त्यांच्याकडून मिळाला. पण पुढे पुण्याच्या एका शिबिरात जाऊन बसले आणि कळलं, की हात गौण; खरी संकल्पना! घरी येऊन हे सांगितलं तर वडील म्हणाले, "असंल बाई. पन कशापासून करतीस, ते आधी बघ."

मी ऐकून घेतलं. (ऐकून घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.)

तर पुण्यातल्या एका मोठ्या प्रदर्शनाच्या शेवटच्या फेरीत माझं काम पोचलं. निवड करणाऱ्या मीराताई ते बघायला स्वतः आमच्या गावी, निमगाव सावाला येणार होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझं काम बघायला घरी येत होतं!

कामाचं नाव 'भीती'. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो, त्याची पिल्लंही उसातच जन्मतात. म्हणून माझा बिबट्या उसाचाच! तारेचा सांगाडा आणि त्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, पेड. ठिपके रंगानं काढले असते तर संकल्पनेचा बट्ट्याबोळ झाला असता. ठिपके काकवीचे!

नवऱ्यानं पाहणी केली. "झ्याक झालंय. कुत्रं हाय का?"

"बिबट्या आहे!"

"बरं बरं." एका ठिपक्यावर बोट फिरवून त्यानं ते चाटलं. "लई गोड बिबट्या हाय राव!"

आता तो ठेवायचा कुठं? मी यादी केली : जागा कोरडी हवी, मुंग्या नकोत, कुत्री-मांजरं शिरायला नकोत. या सगळ्यात बसणारी जागा घरात एकच, शेळीचा गोठा. खऱ्या बिबट्याच्या धाकानं आम्ही त्याला चहूबाजूंनी लोखंडी जाळी मारलीय. राणी शेळीला मी पडवीत बांधलं, बिबट्याला गोठ्यात ठेवलं, यादीवर खूण केली आणि पाहुणीसाठी फरसाण आणायला नारायणगावला गेले.

अंधार पडल्यावर परत आले आणि सासूबाईंना विचारलं, "आत्या, गोठ्याची कडी घातलीत ना?"

"घातली की."

झालं! मी निश्चिंत.

सकाळी मीराताई आल्या. मी नवी साडी नेसून, प्रस्तावना करून, झोकात कडी काढली.

आत तारेचा सांगाडा होता. सांगाड्याखाली राणी रवंथ करत बसली होती. बिबट्याची फक्त शेपटी शिल्लक होती!

माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून नवरा काठी घेऊन धावत आला. "कुठाय बिबट्या?"

"पोटात!" मी ओरडले. "आत्या, शेळी आत कशी?"

"अगं, तिन्हीसांजंला पलीकडच्या उसात बिबट्या दिसला म्हनत व्हते. मंग शेळी बाहेर ठिवू का? घातली आत."

"पण आत माझा बिबट्या होता!"

"त्यो पाल्याचा व्हता. त्याला कशाला भ्यायची ती?"

खऱ्या बिबट्याची भीती वाटून शेळी आत गेली आणि आत जाऊन तिनं माझी 'भीती' खाल्ली. उसाचं वाढं, वर काकवी! मी शिल्प नव्हतं केलं, शेळीला ताट वाढलं होतं.

पण मी हार मानणारी बाई नव्हे. घसा साफ केला. "मीराताई, हीच संकल्पना आहे. भीती आतून खात जाते. उरतो तो सांगाडा."

मीराताई सांगाड्याभोवती एक फेरी मारून आल्या. मी वडिलांसारखा श्वास रोखून धरला.

"कल्पना चांगली आहे," त्या हळूच म्हणाल्या. तेवढ्यात राणी उठली, पुढचे पाय तारेवर टेकले आणि शेपटीही ओढून घेतली. मीराताईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण काम तुमचं म्हणायचं, की हिचं?"

निवड झाली नाही, हे मला तिथंच कळलं.

आत्यांनी तोवर राणीची धार काढून चहा टाकला. मीराताईंनी घोट घेतला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "अहो, काय सुरेख चव आहे! कसलं दूध?"

"शेळीचं. आज लई निघालं!" आत्या माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाल्या. "आसंच करत जा गं कायतरी."

मीराताईंनी दुसरा कप मागून घेतला. माझ्या कलेला आजवर मिळालेली ती सर्वांत मोठी दाद!