भाकरी थापायचा हात

खांदा आखडला म्हणून मी नांदेडच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये जात होतो. तिथं मदतनीस असलेल्या बाई आधी निलंग्यात आपल्या दुकानात बायकांना बांगड्या भरायच्या. पंचेचाळिशीत दुकान बंद करून त्यांनी मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर कोर्स केला होता. पेशंटचा हात हाती घेतला की बांगड्या भरतानाच्या सवयीनं बाई हाताकडं न बघता माणसाच्या तोंडाकडं बघत. "दुखायलंय? हौ, थोडं दुखंल," एवढंच म्हणत.

एकदा लकव्यानं हात लुळा पडलेल्या भोकरच्या आजींनी त्यांना विचारलं, "माय, ह्या हातानं पुन्हा भाकरी थापता येईल का?"

"येईल की, आई!" सोबत आलेला त्यांचा मुलगा घाईनं म्हणाला.

बाईंनी आजींच्या तोंडाकडं बघितलं. "न्हाई वाटत, मावशी. पण चहाचा कप धरता येईल. त्याला बी लई दिवस लागतील."

आजी रडू लागल्या. मुलानं तक्रार केली आणि डॉक्टरांनी बाईंना सगळ्यांदेखत झापलं. मलाही वाटलं, खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मुलानं दुसरी मदतनीस मागितली. आजींनी चांगल्या हातानं लुळा हात उचलला आणि शेजारी बसलेल्या त्याच बाईंच्या मांडीवर ठेवला.