खोट्या सहीनंतरचा रविवार

"वाचत काय बसलीस? तुला कळणार आहे का त्यातलं? सही कर."

मॅनेजर साहेब खुर्चीत. मी उभी.

कागदावर लिहिलं होतं की मंदाने प्रेस मशीनची सुरक्षेची जाळी स्वतःच काढली, म्हणून तिची चार बोटं गेली. खोटं. मी शेजारच्याच मशीनवर होते. माल लवकर निघावा म्हणून साहेबांनीच जाळी काढायला लावली होती. मंदा म्हणालीही होती, "साहेब, भीती वाटते."

मी म्हटलं, "साहेब, असं नाय झालं."

साहेब आमच्या चर्चच्या कमिटीतले. अंबडच्या या कारखान्यात मला त्यांनीच लावलं होतं. ते हसले. "पेठच्या डोंगरात नागलीची भाकर खात होतीस. देव आम्ही दाखवला तुम्हाला. नोकरीही आम्हीच दिली. वरिष्ठांचं ऐकणं हीच देवाची आज्ञा."

बाजूला क्लार्क उभा होता. तोही हसला.

मी सही केली.

सांगायला लाज वाटते, पण केली. नवऱ्याची पाठ गेलेली, दोन मुली, घर माझ्यावर. त्यानंतर प्रार्थनेला गुडघे टेकायचे आणि काही न मागताच उठायचे.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, सगळे एका ताटातली भाकरी घेतात ते. आधी देवावरच्या प्रीतीचं गाणं झालं. मीही गायले. मग भाकरीचं ताट घेऊन साहेबच आमच्या रांगेत आले. ताट माझ्यापुढे धरलं. माझा हात वर येईना.

"घे," ते पुटपुटले. "लोक बघतायत."

मला आई आठवली. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, "ज्याच्यावर माया हाय त्याचं आयकावं लागतं. नायतर ती माया कसली?" देव मला तिने दाखवला होता. साहेबांनी नाही. खोटी साक्ष देऊ नको, इतकी साधी देवाची आज्ञा. ती पाळायची वेळ आली आणि मी भीतीने साहेबांचं ऐकलं.

मी ताट मागे सारलं. "मंदाबद्दल मी खोटं लिहून दिलंय," मी म्हटलं. "तुमच्या सांगण्यावरून."

मागच्या दोन रांगांना ऐकू गेलं. पाळकांनी पुढचं गीत सुरू केलं.

सोमवारी सरकारी दवाखान्यात जाऊन मंदाला सगळं सांगितलं. ती हाताच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "तू पण?" एवढंच. तिने माफ केलं नाही. का करावं?

तिथून कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेले. घडलं तसं लिहून दिलं.

मंगळवारी वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. तेव्हापासून घरी आहे. अंबडमध्ये कुठल्याच कारखान्यात घेत नाहीत. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही. धाकटी विचारते, "आई, देव आपल्यावर रागावला का?" मी तिची वेणी घालत राहते. रोज प्रार्थना करते. काहीच घडत नाही.

काल साहेबांनी माणूस पाठवला. "जबाब मागे घ्या, उद्यापासून कामावर या." नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी हो म्हणावं असं त्याला वाटत होतं. मलाही क्षणभर वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

देव माझं ऐकतो की नाही, मला माहीत नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे, म्हणून मी त्याचं ऐकणार. कामगार अधिकाऱ्यासमोरच्या सुनावणीला जाणार. जाळी कोणी काढायला लावली ते साहेबांच्या तोंडावर, त्यांचं नाव घेऊन सांगणार.