जप्तीतली रहस्यकथा

भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी नांदेडहून लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो. आज क्लासवाल्या सरांचे बंगले आहेत, चौकाचौकात फ्लेक्सवर हसरे फोटो आहेत. तेव्हा मात्र लग्नाच्या बाजारात आम्हाला कुणी विचारत नव्हतं. नोकरी पर्मनंट नाही, एवढ्या एका कारणावरून मला दोन ठिकाणांहून नकार आला होता. शेवटी आईनं धर्माबादच्या मामांना गळ घातली. मामांचा मिरचीचा व्यापार होता. पडून राहिलेला माल ते बरोबर खपवतात, असा आईचा विश्वास.

क्लासच्या मालकांचा नियम होता, की वर्गात अवांतर पुस्तक दिसलं की जप्त. हे काम माझ्याकडे होतं आणि मी ते फार निष्ठेनं करायचो. गाईडच्या आत कादंबरी ठेवून वाचणारा विद्यार्थी मला लांबूनही ओळखू यायचा, कारण गाईड वाचताना कुणी गालातल्या गालात हसत नाही. पुस्तक ओढून घ्यायचं, शिस्तीवर चार शब्द सुनवायचे आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचं. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. पुस्तक जाडजूड असलं तर माझा आवाज जरा जास्तच कडक व्हायचा. लातुरातल्या एका उत्तम वाचनालयाचा मी एकुलता एक सभासद होतो म्हणा ना.

त्या सुमारास एक रहस्यकथा हाती लागली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीकडची. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "सर, ते माझं नाही." सगळेच असं म्हणतात.

मामांनी स्थळ काढलं ते लातुरातलंच. मुलगी बी.ए. झालेली, पतसंस्थेत नोकरीला. घर चांगलं पक्कं होतं, पण आमची बैठक अंगणात पत्र्याच्या शेडखाली मांडलेली. भूकंपाच्या धास्तीनं त्या वर्षी स्लॅबखाली पाहुण्यांना बसवणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं, आणि पाहुणेही तिथं नीट टेकत नसत. मुलगी येऊन समोर बसली. ती मला आवडली, आणि आवडली म्हणूनच घाम फुटला. तिच्यामागून पोहे घेऊन धाकटी बहीण आली. ती पहिल्या बाकावरची होती.

क्लासमध्ये पोरांचा एवढा बाजार भरलेला असायचा, की कुणाचं आडनाव काय याच्याकडे माझं लक्षच नसायचं. ते आता चांगलंच अंगाशी आलं.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, छंद वगैरे? मला तोंड उघडायची संधी न देता मामा म्हणाले, "वाचन. लई वाचतो. जेवतानासुद्धा पुस्तक लागतं." धाकटीनं पोह्यांची बशी माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवली.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. "अभ्यासाचं सोडून, आवडीनं काय वाचून राहिलात सध्या?"

या प्रश्नासाठी मी एक भारदस्त ग्रंथ तयार ठेवला होता. तो कुणीच वाचलेला नसतो, त्यामुळे पुढचं कुणी विचारत नाही. नाव अगदी जिभेवर आलं. पण धाकटी दाराला टेकून माझ्याकडे बघत होती. खोटं बोललो तर घरात लगेच कळणार आणि हे स्थळही जाणार. खरं बोललो तर ते इथंच, आमच्या आईदेखत जाणार, एवढाच फरक.

"एक रहस्यकथा," मी म्हणालो. "डाकबंगल्यात खून होतो, ती."

"कुठवर आलात?"

"खानसामा पळून जातो, तिथवर."

तिचा चेहराच उतरला. "खानसामा पळून जातो?"

तेव्हा उजेड पडला. पुस्तक तिचं होतं, धाकटीनं तिच्या उशाखालून पळवून क्लासला आणलेलं. मोठी माझ्याहून एक प्रकरण मागं होती आणि मी तिचा रसभंग केला होता. इकडे मामा आईला हळूच विचारत होते, यांच्यातलं कोण पळून गेलं.

"आधी पुस्तक परत द्या," ती म्हणाली, "आणि पुढचं काही सांगू नका."

तिचे वडील घाईघाईनं म्हणाले, कळवतो. आधीच्या दोन्ही ठिकाणी हेच ऐकून आम्ही परतलो होतो.

माझी शेवटची दोनच प्रकरणं राहिली होती. चहाबरोबर उरकली असती. पण पुस्तक तिचं आणि शेवट आधी मला कळणार, हे काही बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचसमोर ते मी धाकटीच्या हातात दिलं. कपाटातून काही परत येतं हे पोरं पहिल्यांदाच बघत होती. मागून एकानं स्वतःच्या पुस्तकाची चौकशी केली. मी फळ्याकडे वळलो.

त्यानंतर कितीतरी दिवस काहीच निरोप नाही. धाकटी मान खाली घालून वही लिहायची आणि मी तिच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत शिकवायचो. मामांनी उदगीरकडचं दुसरं स्थळ सुचवलं, तर मी तब्येतीचं कारण सांगितलं.

मग एकदा घर्षण शिकवताना सवयीनं विचारलं, समजलं का. पहिल्या बाकावरून धाकटी उभी राहिली.

"हाव सर. ताईपण हाव म्हणाली. आन खून खानसाम्यानं केलेला न्हाई, एवढंच सांगायला सांगितलंय."

वर्गात आधी कुजबुज, मग बाकं बडवली गेली. मी डस्टर शोधायला लागलो. ते माझ्या हातातच होतं. गोंधळ ऐकून मालक दारात आले आणि काय चाललंय म्हणून विचारू लागले.

मी म्हणालो, "घर्षण."